‘कम ऑफ’चा अर्थ

माझी यशोदाआत्या सोलापुरात बायकांच्या एका दवाखान्यात दुभाषी होती. सात रस्ता चौकापासून चालत दहा मिनिटांवर तो दवाखाना होता. तिथल्या मोठ्या डॉक्टर मिस प्रिंगल विलायतेहून आलेल्या. त्यांच्या हाताला यश होतं, पण मराठी येई ते ‘बसा’, ‘जीभ दाखवा’, ‘घाबरू नका’ एवढंच. येणाऱ्या बायका मराठी, कानडी, तेलगू, दखनी, जी ती आपल्या बोलीत रडायची. आत्याला मराठी घरचं, कानडी आजोळचं आणि इंग्रजी वडिलांचं. माझे आजोबा हायस्कुलात इंग्रजी शिकवत. एकोणिसाव्या वर्षी आत्या विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा आजोबांनी तिचे केस काढू दिले नाहीत. नातेवाइकांशी भांडून झाल्यावर त्यांनी तिच्यापुढे इंग्रजी व्याकरण ठेवलं. पुढे नऊ वर्षांनी ती दवाखान्यात लागली. मी सांगते आहे ते १९३३ सालातलं. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, आणि आमच्या घराण्यात बाहेर काम करणारी पहिली बाई म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांवर होती. तिचं काही चुकावं म्हणून टपून बसलेली माणसं घरातसुद्धा कमी नव्हती.

पुस्तकातलं इंग्रजी वेगळं आणि प्रिंगलबाईंचं वेगळं, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं. बाई मोठे शब्द वापरतच नसत. चार-पाच बारकी क्रियापदं आणि त्यांच्या मागे लावलेली शेपटं, एवढ्यावर त्यांचं सगळं चाले. त्यांत ‘कम’ सगळ्यांत फसवं. आजोबांनी शिकवलं होतं, कम म्हणजे येणे. इथे ताप ‘कम डाउन’ झाला म्हणजे उतरला. गोवर ‘कम आउट’ झाला म्हणजे अंगावर दिसायला लागला. खाल्लेलं ‘कम अप’ झालं म्हणजे उलटून पडलं. ‘शी विल कम थ्रू’ असं बाई म्हणाल्या की नवऱ्याला सांगायचं, वाचेल हो. एकदा क्लोरोफॉर्म दिलेल्या बाईबद्दल प्रिंगलबाईंनी विचारलं, “हॅज शी कम टू?” आत्यानं भाबडेपणानं उलट विचारलं, “टू व्हेअर?” बाई आधीच कशावर तरी चिडलेल्या होत्या. म्हणाल्या, “मला वाटलं होतं तुला इंग्रजी येतं.” शेजारच्या दोन नर्सा हसल्या. ती बाई शुद्धीवर आली का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्या दिवसापासून आत्यानं विचारणं सोडलं. कळलं नाही तर मागच्या-पुढच्यावरून अंदाज करायचा, आणि अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला उसाच्या चरकात हात सापडलेली एक बाई आली होती. हात काळा पडलेला. प्रिंगलबाई म्हणाल्या, “इट मस्ट कम ऑफ.” म्हणजे हात कापायचा. आत्यानं तिच्या नवऱ्याला तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी हात मनगटाच्या वर कापला. तो अर्थ आत्याच्या डोक्यात पक्का बसला.

पुढे तीन आठवड्यांनी मंद्रूपकडच्या धनगरांची बाळाबाई आली. तेरा-चौदा वर्षांची पोर. ओढ्याच्या दरडीवरून कोकराला धरायला गेली आणि खाली पडली. उजव्या पायाची नडगी मोडलेली. बाप येडू आणि आई तानाबाई तिला बैलगाडीतून घेऊन आले होते. दवाखाना त्यांनी कधी आतून पाहिला नव्हता. प्रिंगलबाईंनी हाड बसवलं आणि मांडीपासून बोटांपर्यंत पांढरं प्लास्टर केलं, फक्त बोटं उघडी. येडू त्या प्लास्टरला टकटक वाजवून बघे आणि म्हणे, “भिंत बांधली की पायाला!”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रिंगलबाई वॉर्डात आल्या. बाळाबाई कण्हत होती. बाईंनी तिची बोटं दाबून पाहिली, कपाळाला आठी घातली, हातातली पेन्सिल पायावर दोनदा आपटली आणि जाता जाता आत्याला म्हणाल्या, “इट मस्ट कम ऑफ. टुमॉरो, फर्स्ट थिंग. टेल देम.” नर्सला पायाखाली उशा द्यायला सांगून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

एवढ्याशा पोरीचा पाय! क्षणभर आत्याच्या मनात आलं, विचारावं का? पण बाई पुढे गेल्या होत्या, त्या दोन नर्सा तिथेच उभ्या होत्या, आणि चरकातल्या हाताच्या वेळी हेच शब्द होते. आत्या तानाबाईजवळ खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “मन घट्ट करा. उद्या सकाळी पाय काढावा लागणार.”

तानाबाईनं विचारलं, “काढनार मंजी?”

“कापावा लागेल. नाही तर जिवाला धोका.”

जिवाला धोका हे बाई म्हणाल्याच नव्हत्या. ते आत्यानं आपल्या पदरचं घातलं, त्यांना पटावं म्हणून. पुढे आयुष्यभर तिला या पदरच्या वाक्याचीच लाज जास्त वाटायची.

सकाळी सातला आत्या दवाखान्यात आली तेव्हा बाळाबाईची खाट रिकामी होती. मध्यरात्रीनंतर नर्स दुसरीकडे असताना येडूनं पोरीला पाठीवर घेतलं आणि गाडी जुंपून निघून गेला, एवढं फाटकावरच्या माणसानं सांगितलं. प्रिंगलबाई ऑपरेशनच्या खोलीच्या दारात हात धूत होत्या. आत एक अडलेली बाळंतीण टेबलावर होती.

“गेले?” बाई म्हणाल्या. “नुसतं प्लास्टर काढायचं म्हटलं तर पळून गेले?”

आत्याला काही क्षण ‘प्लास्टर’ हा शब्द कळलाच नाही. मग कळलं, कालच्या वाक्यातलं ‘इट’ म्हणजे प्लास्टर होतं, पाय नव्हे.

बाई भराभर बोलत होत्या. पाय आतून सुजला आहे, प्लास्टर घट्ट होतं आहे. उशांवर वर ठेवला असता तर सकाळपर्यंत काही झालं नसतं. पण गाडीत पाय खाली लोंबणार, हिसके बसणार, सूज वाढणार. प्लास्टर तर वाढत नाही. आत रक्त फिरायचं थांबलं की पाय मरतो. “दुपारच्या आत ते निघालं नाही तर खरोखरच पाय कापावा लागेल, यशोदा. मला हिला सोडून जाता येत नाही. तू जा.”

आत्याला तिथेच सांगता आलं असतं की ते प्लास्टरला भिऊन पळाले नाहीत, माझ्या बोलण्याला भिऊन पळाले. ती बोलली नाही. आतून बाळंतीण ओरडत होती, आणि बाईंना ऐकायला वेळ नव्हता, असं तिनं नंतर स्वतःला सांगितलं. पण ते खरं नव्हतं, हेही तीच सांगायची.

बाईंनी तिला प्लास्टरची मोठी कातर, एक आखूड सुरी आणि शिरक्याची बाटली दिली. शिरक्यानं प्लास्टर मऊ पडतं. “कट इट राइट डाउन,” बाई म्हणाल्या, “अँड डोन्ट कम अवे टिल द कलर कम्स बॅक.”

या वेळी आत्यानं विचारलं. नर्सा उभ्या होत्या तरी विचारलं. “कुठून कुठपर्यंत कापायचं? आतला कापूससुद्धा? कसला रंग, बोटांचा? म्हणजे रंग परत येईपर्यंत मी तिथून हलायचं नाही?” बाईंनी कपाळाला आठी घातली, पण प्रत्येकाचं उत्तर दिलं. वरपासून खालपर्यंत. कापसाचा एक धागासुद्धा आवळलेला राहता कामा नये. नख दाबून सोडायचं आणि गुलाबी होतं का बघायचं. “आणि एक लक्षात ठेव,” बाई म्हणाल्या, “ओरडत असेल तर बरं. दुखायचं थांबलं असेल तर वेळ फार थोडा आहे.”

त्या दिवशी मंद्रूपचा बाजार होता, म्हणून तिकडे प्रवासी नेणारी सर्व्हिस मोटार उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, “बैठो अम्मा, और चार जने आने देव.” आत्या बसली नाही. तिनं पिशवीतली कातर काढून त्याला दाखवली आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यानं कातरीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खाली उतरून हँडल मारलं.

चौदा-पंधरा मैलांचा रस्ता. आत्या खिडकीतून प्रत्येक बैलगाडी निरखत होती. कुठे ज्वारीचा कडबा, कुठे बाजारकरू बायका. येडूची गाडी दिसली नाही. मंद्रूपला उतरली तेव्हा नऊ वाजून गेले होते. बाजार भरत होता. वहाणा, मिरच्या, मडकी, माणसं. ब्राह्मणाची विधवा बाई डोक्यावर पदर घट्ट धरून धनगरांना विचारत फिरते आहे हे बघून लोक बाजूला होत, पण उत्तर कुणी देत नव्हतं. शेवटी लोकर विकत बसलेल्या एका म्हातारीनं मान वर केली. ती मायाक्का, येडूची थोरली बहीण.

“तूच का ती विंग्रजी बोलनारी?” म्हातारीनं विचारलं.

“हो.”

“सांगावा आलाय मला सकाळी. पाय कापाय निगाली हुतीस पोरीचा.”

“मायाक्का, चूक माझी आहे. पाय कापायचाच नव्हता. वरचं ते पांढरं काढायचं होतं. मला बाईंचं बोलणं उलटं कळलं. आता ते काढलं नाही तर मात्र पाय जाईल. मला तिथं ने. मग माझं काय करायचं ते करा.”

मायाक्कानं लोकरीचं गाठोडं शेजारणीच्या अंगावर टाकलं आणि उठली. “चल. पर आमचा येडू लई तापट हाय. म्या न्हाय आडवनार त्येला.”

मेंढरं माळावर, गावापासून दीड मैलावर बसली होती. आत्याला उन्हातून चालायची सवय नव्हती. पायांत वहाणा होत्या त्या ढेकळांत अडकत, म्हणून तिनं त्या काढून हातात घेतल्या. मायाक्का पुढे, मागे वळून न बघता.

दोन काठ्यांवर घोंगडं ताणून सावली केली होती. तिथं बाळाबाई पडली होती. कुत्री भुंकत धावली, आणि त्यांच्या मागे येडू. मेंढरांसाठी बाभळीची डहाळी तोडायची कुऱ्हाड त्याच्या हातात होती.

“पुडं येऊ नगंस!”

आत्या थांबली. “येडूबा, पोरगी कशी आहे?”

“ब्येस हाय. रातभर वरडत हुती, आता दुकायचं थांबलंय. तुमच्या दवाखान्यातनं निगाली आन् बरी झाली.”

हे ऐकून आत्याला बाईंचं शेवटचं वाक्य आठवलं. ती जागची न हलता बोलत राहिली. दवाखान्यात काय झालं ते सगळं, आपल्याला काय ऐकू आलं ते, बाई खरं काय म्हणाल्या ते. येडूनं मधे तोडलं.

“काल तूच म्हनलीस पाय कापनार. म्हनलीस का न्हाय?”

“म्हटलं.”

“मग आज म्हंतीस त्ये खरं कशावरनं?”

आत्याच्या शब्दाला आता काही किंमत उरली नव्हती, आणि ती तिनंच घालवली होती. तिनं पिशवी जमिनीवर ठेवली, कातर, सुरी आणि बाटली बाहेर काढली आणि चार पावलं मागे सरकली.

“मी पायाला हात लावत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही कापा. तुम्ही मेंढरं कातरता, कातडीला न लागता कसं कापायचं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. मी नुसती सांगते. आधी एवढं करा, तिच्या अंगठ्याचं नख दाबून बघा.”

येडू हलला नाही. मायाक्काच पुढे गेली, सावलीत वाकली. मग तिचा आवाज आला, वेगळाच. “येडू, आरं बोटं बग की पोरीची. वांगी झाल्यात.”

कुऱ्हाड खाली पडली.

पुढचा पाऊण तास आत्याला शेवटपर्यंत जसाच्या तसा आठवत होता. येडूनं मांडीपासून खाली सुरीनं रेघ ओढली, मायाक्का त्या रेघेवर शिरका ओतत होती. प्लास्टर दगडासारखं होतं. हळूहळू ते चिखलासारखं मऊ होऊ लागलं, तशी येडूनं कातर घातली. त्याचा हात विलक्षण होता. कातरीचं खालचं पातं कातडीवरून सरकत जाई आणि पोरीला ओरखडासुद्धा येत नसे. पण बाळाबाई काहीच बोलत नव्हती, आणि आत्याला तेच नको होतं. तानाबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं एकदाही आत्याकडे पाहिलं नाही.

घोट्यापाशी कातर अडकली. येडू म्हणाला, “एवडं ऱ्हाऊ दे का? वर तर सुटलंच की.”

“नाही. एक धागासुद्धा नाही,” आत्या म्हणाली. “आतला कापूससुद्धा काढा.”

त्यानं प्लास्टरची कातर टाकून दिली आणि आपली मेंढरं कातरायची कातर घेतली. शेवटी प्लास्टर दोन्ही हातांनी धरून त्यानं उकललं. आतला पाय बघून मायाक्कानं तोंडावर पदर घेतला. फुगलेला, चकाकणारा, कापसाच्या सुरकुत्या कातडीत रुतलेल्या, पोटरीवर पाण्यानं भरलेले फोड. बोटं काळीनिळी.

आत्यानं पाय सरळ आणि उंच ठेवायला सांगितला. येडूनं घोंगडी दुमडून त्याखाली दिली. “चोळू नका,” आत्या म्हणाली, कारण तानाबाईचे हात तिकडे गेले होते. मग सगळे बसून राहिले. करायचं काहीच उरलं नव्हतं. मेंढरं चरत लांब गेली. दर थोड्या वेळानं येडू अंगठ्याचं नख दाबे आणि सोडे. नख पांढरंही होत नव्हतं आणि तांबडंही.

चौथ्यांदा की पाचव्यांदा त्यानं नख दाबलं, तेव्हा बाळाबाई किंचाळली.

“आई गं! जळतंय! पाय जळतोय माजा!”

येडू दचकून आत्याकडे वळला, पुन्हा काही चुकलं का या भीतीनं. आत्या रडत होती. “ओरडू दे तिला,” ती म्हणाली. “ओरडू दे. पाय जिवंत आहे.”

अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं हळूहळू लाल झाली. बाहेरची दोन तशीच राहिली. प्लास्टरचे दोन अर्धे भाग पायाला दोन्हीकडून फळीसारखे लावून फडक्यानं सैल बांधले, आणि बाजाराहून परतणाऱ्या त्याच मोटारीनं सगळे सोलापूरला आले. वाटेत मायाक्कानं पोरीचा पाय आपल्या मांडीवर घेतला होता. या वेळी येडू यायला तयार का झाला, हे आत्यानं विचारलं नाही. बहुधा दुसरं काही सुचलंच नसेल त्याला.

प्रिंगलबाईंनी पाय तपासायला बराच वेळ घेतला. हाड हललं होतं, ते पुन्हा बसवावं लागणार होतं. मग त्या येडूकडे वळल्या आणि आत्याला म्हणाल्या, “त्याला विचार, तो का पळाला?”

आत्यानं विचारलं.

येडूनं आत्याकडे बोट केलं. “ह्या बाईनं सांगितलं, सकाळी पाय कापनार. कापला न्हाय तर पोरगी मरंल म्हनली. म्हनून पळालो.”

बाई उत्तराची वाट बघत होत्या. येडूला इंग्रजी येत नव्हतं, बाईंना मराठी येत नव्हतं. ‘तो भ्याला’ एवढं म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं, आणि जगात कुणालाच काही कळलं नसतं. आत्या मला सांगायची, “माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं गं. अगदी जिभेवर.”

मग तिनं येडूचा शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. ‘ह्या बाईनं’ हेसुद्धा. सांगताना तिनं येडूसारखंच स्वतःकडे बोट केलं.

प्रिंगलबाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, “मला विचारायचं होतंस.”

“मागे विचारलं होतं,” आत्या म्हणाली. बाईंना आठवलं की नाही, ते तिला कधी कळलं नाही.

पाचव्या दिवशी बाहेरची ती दोन बोटं कोळशासारखी झाली. बाईंनी पेन्सिलीनं एकेका बोटाला स्पर्श केला. “दीज टू मस्ट कम ऑफ.” आत्यानं विचारलं, “कट?” बाई म्हणाल्या, “कट.” आत्यानं आपल्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुमडून येडूला दाखवलं आणि सांगितलं, “ही दोन बोटं कापावी लागतील. या वेळी खरंच कापायची. मी नीट विचारून घेतलंय. बाकी पाय राहील.”

येडूनं विचारलं, “तिला चालता यील का?”

आत्यानं बाईंना विचारलं, आणि उत्तर आल्यावरच ती बोलली. “थोडं लंगडेल. पण चालेल.”

“मग कापा,” तो म्हणाला.

महिनाभर आत्याला दुभाष्याचं काम दिलं नाही. ती मागच्या खोलीत पट्ट्या गुंडाळत बसे, आणि घरी कुणी विचारलं तर खरं ते सांगे. तेव्हा घरात काय काय बोललं गेलं ते मी लिहीत नाही. महिन्यानं एक तेलगू बाळंतीण आली आणि कुणालाच तिचं काही कळेना. आत्याला घरी येणाऱ्या विणकर बायकांमुळे थोडं तेलगू येत असे, म्हणून तिला बोलावलं. ती पुढे आणखी एकवीस वर्षं तिथेच होती. शेवटची काही वर्षं नव्या शिकाऊ मुलींना ती शिकवायची. मोठे शब्द ती शिकवत नसे. मला आठवतं ते एवढंच की डॉक्टरांना ‘काय?’ असं विचारायला जी मुलगी लाजे, तिला ती वॉर्डात पाठवत नसे.

बाळाबाई पुढच्या वर्षी मेंढरांमागे जाऊ लागली. येडू बाजाराला आला की दवाखान्यात डोकावून तिची खबर देई. तानाबाई मात्र आत्याशी कधीच बोलली नाही. एकदा सात रस्त्यावर दोघी समोरासमोर आल्या, आत्या थांबली, तानाबाई बाजूनं निघून गेली. आत्याला त्याचं वाईट वाटत नसे. ती म्हणायची, “मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.”